उंच वाफ्यातली बटाट्याची लागवड : माझा अनुभव

उंच वाफ्यात बटाटा लावायचे ठरवल्यावर मी सर्वांत जास्त विचार केला तो वाफा किती भरायचा याचा. बटाटा हे मूळ नसून जमिनीखालच्या खोडाचा फुगलेला भाग आहे. बेण्याच्या वर, मातीत दडलेल्या खोडाला आडव्या फांद्या फुटतात आणि त्यांच्या टोकांशी कंद धरतात. त्यामुळे पुढे भर देण्यासाठी, म्हणजे बुंध्याशी माती चढवण्यासाठी, जागा राखणे भाग होते. दीड फूट उंचीचा वाफा मी भुसभुशीत माती आणि पूर्ण कुजलेले कंपोस्ट घालून निम्माच भरला. चुना मात्र टाळला, कारण त्याने सालीवर खपल्या धरणारा रोग बळावतो.

उजेडात, पण थेट ऊन लागणार नाही अशा जागी बेणे ठेवून त्याला आखूड, जाड कोंब आणले. मोठ्या कंदांच्या फोडी करताना प्रत्येकीवर दोन-तीन डोळे राखले, कापलेली बाजू कोरडी होऊ दिली आणि मग कोंब वर ठेवून १० सेंमी खोल, ३० सेंमी अंतरावर लागवड केली.

रोपे वीतभर वाढली की शेंडा मोकळा ठेवून बुंध्याशी माती चढवायची, असे करत वाफा काठापर्यंत भरला. भर जितकी उंच तितके पीक जास्त, हा समज मला पटत नाही. बऱ्याच जातींत, विशेषतः लवकर तयार होणाऱ्या जातींत, कंद एकाच थरात धरतात. भर द्यायची ती मुख्यतः त्यांना उजेडापासून झाकण्यासाठी. उजेड लागलेला बटाटा हिरवा पडतो आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते.

खरी निगा लागली ती पाण्याची. उंच वाफा चहूबाजूंनी तापतो व लवकर सुकतो. ओढ बसून एकदम भरपूर पाणी मिळाले की कंद तडकतात किंवा आतून पोकळ राहतात. म्हणून वर वाळल्या गवताचे आच्छादन घातले आणि मातीत बोट खुपसून ओल पाहूनच पाणी देत राहिलो. आच्छादनाने माती थंडही राहते, आणि ते फार मोलाचे आहे, कारण मातीचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की कंद धरणे जवळजवळ थांबते.

पाला पिवळा पडू लागताच पाणी तोडले. पाला वाळल्यावरही कंद सुमारे दोन आठवडे मातीतच ठेवले आणि अंगठ्याने चोळून साल सुटत नाही हे पाहून काढणी केली. माती इतकी मोकळी होती की कुदळीची गरजच पडली नाही. टोमॅटो, वांगी आणि मिरची ही बटाट्याच्याच कुळातली असल्याने ती टाळून त्या वाफ्यात पुढचे पीक घेवड्याचे घेतले.