माशीच्या डोक्यातलं अॅसिटिलकोलिनएस्टरेज : तिसऱ्या फेरीची नोंद

अॅसिटिलकोलिनएस्टरेज म्हणजे मज्जातंतूंमधला अॅसिटिलकोलिन हा निरोप्या रेणू तोडणारं एन्झाइम; कीटकनाशक आणि उष्णता त्यावर काय परिणाम करतात ते इथे मोजतोय. या फेरीत घरमाशांचे पाच गट आहेत: हात न लावलेला, नुसत्या अॅसिटोनचा (कीटकनाशक ज्यात विरघळवतात तो द्रव), अॅसिटोनसह ४० अंशांवर एक तास ठेवलेला, कीटकनाशकाचा आणि उष्णता अधिक कीटकनाशकाचा. पहिल्या दोन गटांतला फरक आधी बघा. बर्फावर गार करणं, चिमट्यात धरणं, पाठीवर ०.५ मायक्रोलिटर थेंब सोडणं हाही ताणच आहे. तो वजा केल्याशिवाय औषधाचा परिणाम कळत नाही.

दहा डोकी १ मिलि गार फॉस्फेट बफरमध्ये (०.१ मोलर, पीएच ८, ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट) वाटून ४ अंशांवर १५ मिनिटं १०,००० जी वर फिरवली. क्युव्हेटमध्ये ८५० मायक्रोलिटर बफर, ५० मायक्रोलिटर १० मिलिमोलर डीटीएनबी (थायॉल, म्हणजे गंधक-हायड्रोजन गटाशी जुळून पिवळा रंग देणारं रसायन) आणि ५० मायक्रोलिटर निवळ. इथे पाच मिनिटं थांबायचंच. सबस्ट्रेट (एन्झाइम ज्याला तोडतं ते द्रव्य) पडण्याआधीच द्रव हलका पिवळा होतो, तो अर्कातल्या मोकळ्या थायॉल गटांमुळे. हा पिवळेपणा स्थिरावला की ५० मायक्रोलिटर १० मिलिमोलर अॅसिटिलथायोकोलिन आयोडाइड (हेच सबस्ट्रेट; ते तुटलं की थायॉल सुटतो) घालून ४१२ नॅनोमीटरवर रंगाचा चढ मोजायचा. १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये मिनिटाला ०.०१४ चढ म्हणजे साधारण १ नॅनोमोल सबस्ट्रेट तुटलं. अर्काशिवायचा ब्लँक वजा करा. पीएच ८ ला सबस्ट्रेट आपोआपही फुटतं. डीटीएनबीचा साठा मात्र पीएच ७ च्या बफरमध्ये करा, अल्कलीत तो टिकत नाही.

सगळ्यात जास्त घोळ कार्बारिल या कार्बामेट वर्गातल्या कीटकनाशकाच्या गटात होतो. चढाची रेषा वाकते म्हणून अर्क पातळ केला की कार्बामेटची पकड सुटू लागते आणि एन्झाइम शाबूत असल्यासारखं दिसतं. म्हणून पातळपणा सर्व गटांना एकच ठेवायचा आणि वाटल्यावर लगेच मोजायचं. ऑर्गॅनोफॉस्फेट या दुसऱ्या वर्गातल्या कीटकनाशकांची पकड अशी सहज सुटत नाही. पण त्यातलं मॅलाथिऑन थेट अर्कात टाकून आकडा फारसा हलला नाही, तर औषध निकामी समजू नका. जिवंत माशीतले पी४५० एन्झाइम त्याचं मॅलाऑक्सॉन करतात आणि एस्टरेजला घट्ट धरतं ते हेच.

प्रथिन मोजायला ब्रॅडफर्डची रंगपद्धत नको, ट्रायटन त्यात रंग चढवतो; बीसीए ही दुसरी पद्धत चालते. उष्णतेच्या गटासाठी कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम) हेही मोजायला घेतलंय: २४० नॅनोमीटर, क्वार्ट्‌झचीच क्युव्हेट, आणि त्याचा अर्क ट्रायटनशिवाय वेगळा, कारण ट्रायटन त्या पट्ट्यात स्वतःच प्रकाश शोषतो.