बाबांच्या गळ्यातलं कार्ड

२०१५ च्या एप्रिलमध्ये बाबा पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला आले तेव्हा मी त्यांच्यासाठी एक कार्ड बनवलं होतं. एका बाजूला इंग्रजीत त्यांचं नाव, आमचा पत्ता, माझा आणि बायकोचा नंबर, खाली "मला इंग्रजी कमी समजतं, मी मुलाकडे आलोय, प्लीज त्याला फोन करा". मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात "मला डायबेटिस आहे". ऑफिसच्या प्रिंटरवर गुपचूप छापलं, लॅमिनेट केलं आणि सांगितलं, वॉकला जाताना हे खिशात कंपल्सरी.

बाबा म्हणाले, मी काय जत्रेत हरवणाराय का?

त्याच्या दोन महिने आधी, ६ फेब्रुवारीला, अलाबामात सुरेशभाई पटेलांचं प्रकरण झालं होतं. हंट्सविलच्या शेजारी मॅडिसन म्हणून गाव आहे, इंजिनिअर लोकांचं, आमच्यासारख्यांचं. हे ५७ वर्षांचे गृहस्थ गुजरातमधून मुलाकडे नातू सांभाळायला आलेले, येऊन थोडेच दिवस झालेले, सकाळी घराच्या आसपास पाय मोकळे करत होते. कोणीतरी पोलिसांना फोन केला की एक हडकुळा काळा माणूस, डोक्याला विणलेली टोपी, वय तिशीच्या आसपास, गल्लीत घरांकडे बघत फिरतोय. पोलीस आले, प्रश्न विचारायला लागले, हे आपले "नो इंग्लिश", "इंडिया" असं सांगतायत, आणि पुढच्या काही मिनिटांत एका पोलिसाने त्यांचे हात मागे धरलेले असतानाच त्यांना पायात पाय घालून तोंडावर आपटलं. मान गेली, ऑपरेशन, अर्धवट पॅरालिसिस. सगळं पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यात आलंय, मी तो व्हिडिओ एकदा बघितला, परत नाही.

आता आमचे बाबा. सांगलीत पंचवीस डिग्रीला कानटोपी घालणारा माणूस, हडकुळा, आणि रंगाचं म्हणाल तर आमच्या घरात सगळे पत्रिकेत निमगोरा लिहिण्याएवढेच गोरे आहोत. रोज पहाटे साडेपाचला उठून कानटोपी घालून, हात मागे बांधून, प्रत्येक घराचं गॅरेज आणि बाग निरखत चालणार आणि संध्याकाळी मला सांगणार की त्या कोपऱ्यावरच्याने पाइप किती महागाचा लावलाय. सांगा, मी काय करायला पाहिजे होतं.

मजा म्हणजे (मजा कसली) आमच्या इथल्या देशी ग्रुपवर त्या वेळी सगळे भयंकर चिडले होते, पण बहुतेकांच्या चिडण्याचा सूर एकच होता, अहो तो माणूस काळा नव्हताच! म्हणजे कुरियर चुकीच्या पत्त्यावर आलं, एवढीच तक्रार. योग्य पत्त्यावर गेलं असतं तर आमचं काही म्हणणं नव्हतं. मी स्वतः तेव्हा यात काही चुकीचं बघितलं नाही हेही लिहून टाकतो. आमच्यात काळ्या लोकांना सर्रास कल्लू म्हणतात, लंच टेबलवर, मराठीत हिंदीत बोलताना, समोरच्याला कळत नाही म्हणून. मीही म्हणायचो.

तर ते कार्ड. एका मित्राने विचारलं खिशात कुठे ठेवणार. म्हटलं शर्टाच्या आत, बनियनच्या खिशात, जिथे बाबा पैसे ठेवतात. तो म्हणाला अरे येडा का तू, पोलीस समोर उभा असताना म्हातारा शर्टात हात घालणार? आणि मग त्याने मला शेजारच्याच साउथ कॅरोलिनातली २०१४ ची गोष्ट सांगितली. कोलंबियामध्ये एका पेट्रोल पंपावर लेव्हार जोन्स नावाच्या काळ्या माणसाला सीट बेल्टसाठी थांबवलं, पोलीस म्हणाला लायसन्स दाखव, तो लायसन्स काढायला गाडीत वाकला तर याने गोळ्या घातल्या. जोन्स वाचला, जमिनीवर पडल्या पडल्या विचारतोय की मला का मारलंत, तुम्हीच तर लायसन्स मागितलंत. त्या पोलिसाला पुढे शिक्षा झाली, पण मला त्या रात्री झोप नाही लागली. कारण कार्ड मी ज्या प्रसंगासाठी बनवलं होतं नेमक्या त्याच प्रसंगात ते काढणं धोक्याचं होतं.

शेवटी ऑफिसच्या जुन्या आयडीची पट्टी घेतली आणि कार्ड बाबांच्या गळ्यात अडकवलं, शर्टाच्या वरून. बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

बाबा कोर्टात नोकरीला होते, शिरस्तेदार म्हणून रिटायर झाले. त्यामुळे त्या उन्हाळ्यात आमच्याकडे टीव्हीवर एकच कार्यक्रम चालायचा, केरिक नावाच्या इथल्या पोलिसाचा खटला. शार्लटबाहेर कोणाला हा खटला आठवत नसेल. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये जॉनथन फेरेल नावाचा २४ वर्षांचा मुलगा, कॉलेजात फुटबॉल खेळलेला, रात्री अडीचच्या सुमारास त्याची गाडी रस्ता सोडून झाडीत गेली. कसाबसा बाहेर आला आणि जवळ जे पहिलं घर दिसलं त्याचं दार वाजवलं. आत एक बाई, बाळ, नवरा कामावर. तिला वाटलं नवराच आला, दार उघडलं, बघते तर अनोळखी काळा माणूस, दार लावलं आणि ९११ ला फोन केला की कोणीतरी घर फोडतंय. तीन पोलीस आले. एकाने टेझर (विजेचा झटका देणारी गन) मारला, तो लागला नाही, फेरेल पळाला तो केरिकच्या दिशेने. केरिकने १२ गोळ्या झाडल्या, १० लागल्या. फेरेलकडे कुठलंच शस्त्र नव्हतं.

बाबा रोज सगळं ऐकायचे, निम्मं कळायचं, निम्मं मी संध्याकाळी समजवायचो. त्यांना आधी ज्युरीच पटेना, बारा माणसं रस्त्यावरून उचलून आणायची आणि जज नुसता बसून राहणार? पण खरे अडकले ते एका शब्दावर. वकील सारखं रीझनेबल, रीझनेबल करत होते. मी म्हटलं, बाबा, इथे कायदा असं विचारतो की त्या जागी, त्या क्षणाला, दुसरा समंजस पोलीस असता तर त्यालाही तसंच वाटलं असतं का. मागाहून शहाणपणाने बघायचं नाही.

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे मेलेला काय करत होता ते दुय्यम. मारणाऱ्याला काय वाटलं ते मुख्य."

मी म्हटलं, अगदी तसंच नाही. मग त्यांनी विचारलं, मग कसं? मला सांगता आलं नाही. आजही धड येत नाही. ज्युरीचं ८ विरुद्ध ४ झालं, ८ सुटकेच्या बाजूने, एकमत नाही म्हणून खटला रद्द, आणि सरकारने पुन्हा चालवला नाही. शहराने फेरेलच्या घरच्यांना २२.५ लाख डॉलर दिले होते ते वेगळं.

तो रीझनेबल शब्द आला कुठून हे शोधायला बसलो तर निघालं आमच्याच गावातून, शार्लटमधून. १९८४ मधली गोष्ट. डीथॉर्न ग्रॅहम नावाचा काळा माणूस, डायबेटिक, शुगर खाली जायला लागली म्हणून मित्राला म्हणाला मला दुकानात ने, ऑरेंज ज्यूस घेतो. दुकानात गेला तर काउंटरला लाइन, हा तसाच घाईघाईने बाहेर, चल दुसरीकडे जाऊ. बाहेरच्या पोलिसाला वाटलं हा चोरी करून पळतोय. गाडी अडवली. मित्र सांगतोय शुगर रिअॅक्शन आहे, ऐकणार कोण, एक पोलीस म्हणाला शुगरवाले मी खूप बघितलेत, हा नुसता प्यायलाय. बेड्या घातल्या, गाडीच्या बॉनेटवर तोंड आपटलं, पाय मोडला, दुसऱ्या कोणीतरी ज्यूस आणून दिला तोही पिऊ दिला नाही. मग कळलं की दुकानात काहीच झालेलं नाही, तेव्हा घरी नेऊन सोडलं. ग्रॅहम केस करत करत सुप्रीम कोर्टात गेला, आणि १९८९ च्या त्या निकालात कोर्टाने पोलिसाच्या बळाचं माप ठरवलं, घटनास्थळावरच्या समंजस पोलिसाच्या नजरेतून. त्याआधी, १९८५ मध्ये, मेम्फिसच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या केसमध्ये कोर्टाने निदान एवढं म्हटलं होतं की नुसता पळतोय म्हणून गोळी घालायची नाही, धोका असला पाहिजे. पण धोका दिसला की नाही हे कोणी सांगायचं? परत तोच, पोलीस.

बाबांच्या कार्डाच्या मागे मी "मला डायबेटिस आहे" लिहिलं होतं ते नुसतं सहज, घरातल्या सवयीने. हे सगळं वाचेपर्यंत मला ग्रॅहम कोण हे माहीत नव्हतं आणि मी त्याच गावात घर घेऊन राहत होतो.

मग २० सप्टेंबर २०१६. बाबा तोवर परत गेले होते. युनिव्हर्सिटीच्या बाजूला, जिथे निम्मे देशी लोक राहतात, तिथल्या एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पोलिसांनी कीथ लामाँट स्कॉटला मारलं. पोलीस आले होते दुसऱ्याच कोणालातरी पकडायला. स्कॉट गाडीत बसलेला, मुलाच्या स्कूलबसची वाट बघत, असं घरचे म्हणाले. पोलीस म्हणाले त्याच्याकडे गन होती. त्याच्या बायकोने फोनवर शूट केलेलं आहे, ती ओरडतेय की त्याला मेंदूची दुखापत आहे, गोळी घालू नका. त्या रात्री हेलिकॉप्टर, आय-८५ हायवे बंद, दुसऱ्या दिवशी इमर्जन्सी, नंतर कर्फ्यू, ऑफिसने सांगितलं घरून काम करा.

आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त फिरलेला मुद्दा म्हणजे गोळी घालणारा पोलीस स्वतः काळा होता. मग यात रेस कुठून आली? बरोबर प्रश्न आहे, मी पण तोच विचारत होतो. (सरकारी वकिलाने नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की गन होती, तिच्यावर स्कॉटचा डीएनए होता, त्यामुळे खटला नाही. नॉर्थ कॅरोलिनात गन दिसेल अशी बाळगायला परवानगी आहे हे मात्र ग्रुपवर कोणी लिहिलं नाही, आमच्यातल्याच दोघांकडे आहेत.) तेव्हा एक विदर्भातला मुलगा आहे ग्रुपवर, कधी बोलत नाही, त्याने एक ओळ टाकली, "११ जुलै १९९७, रमाबाई नगर, कोणाला आठवतंय?" घाटकोपर, आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार, लोक रस्त्यावर, एसआरपीचा गोळीबार, १० माणसं गेली. तिथेही अधिकाऱ्याचं म्हणणं हेच होतं की धोका होता. त्याच्या मेसेजला कोणी रिप्लाय दिला नाही. मीही नाही. वीस मिनिटांनी कोणीतरी गणपतीच्या कार्यक्रमाचे फोटो टाकले.

त्याच्या त्या एका ओळीवर मी खूप दिवस विचार केला. पोलिसाचा रंग कुठला हा प्रश्न मला तेव्हापासून जरा बाजूचा वाटतो. मेम्फिसच्या त्या मुलाला मारणारा पोलीसही काळाच होता. मॅडिसनमध्ये पहिला निर्णय पोलिसाने घेतलाच नव्हता, फोन करणाऱ्याने घेतला होता. फेरेलच्या वेळी दार लावणाऱ्या बाईने घेतला, आणि खरं सांगू, रात्री अडीचला माझ्या दारावर कोणी अशा थापा मारल्या असत्या तर मीही दार उघडलं नसतं, आणि फोन करताना "काळा माणूस आहे" हे मी पहिल्या वाक्यात सांगितलं असतं. पोलीस पोचतो तेव्हा ते वाक्य त्याच्या कानात असतं. मग तो समंजसपणे घाबरतो. आणि कोर्ट म्हणतं, हो, समंजसच.

आकड्यांवरून भांडणं खूप आहेत. वॉशिंग्टन पोस्टने २०१५ पासून मोजायला सुरुवात केली, कारण सरकारकडे धड हिशोबच नव्हता, आणि दरवर्षी पोलिसांच्या गोळीने मेलेले हजारच्या आसपास निघायला लागले. संख्येने गोरे जास्त, पण लोकसंख्येच्या हिशोबात काळ्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त. हार्वर्डचा रोलंड फ्रायर, स्वतः काळा, त्याने २०१६ मध्ये ह्यूस्टनचे रेकॉर्ड तपासून म्हटलं की गोळीबारात मला रंगाचा फरक सापडत नाही, पण ढकलणं, बेड्या, गाडीवर दाबणं यात चांगलाच सापडतो. आमच्या ग्रुपवर पहिलं अर्धंच वाक्य फॉरवर्ड झालं होतं. आणि सुरेशभाई बघायला गेलं तर दुसऱ्या अर्ध्यात येतात. त्या पोलिसाच्या खटल्यात दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, मग २०१६ च्या जानेवारीत जजनेच त्याला निर्दोष सोडलं. गव्हर्नरने भारताची माफी मागितली होती. गावाने २०२१ मध्ये १७.५ लाख डॉलरला सेटलमेंट केली.

हे सगळं आता का लिहितोय, तर मुलगा पंधराचा होतोय, लर्नर्स परमिट. आजोबांच्या वळणावर गेलाय, हडकुळा, सावळा, उंची मात्र आमच्या घराण्यात कोणाची नव्हती एवढी, आणि बारा महिने हुडी. इथे २०१७ च्या कायद्यानुसार ड्रायव्हिंगच्या कोर्समध्येच शिकवतात की पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं. त्याने जेवताना पाठ म्हणून दाखवलं, हात स्टिअरिंगवर, एकदम हालचाल नाही, काही काढायचं असेल तर आधी सांगायचं. बायको म्हणाली छान. मला फिलँडो कॅस्टील आठवला, मिनेसोटातला, शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करायचा. त्याने आधी सांगितलं होतं. अगदी सर म्हणून, शांतपणे, की माझ्याकडे गन आहे. तरी पोलिसाने त्याला गोळ्या घालून मारलं. मी काही बोललो नाही, भात वाढून घेतला.

माझ्या टीममध्ये एक काळा सहकारी आहे, दहा वर्षं ओळखतो. त्याच्या गाडीत समोर एसीच्या जाळीला एक क्लिप लावलेली आहे, त्यात लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, सगळं बाहेर दिसेल असं. मी इतकी वर्षं समजत होतो माणूस टापटिपीचा आहे. शनिवारी त्याला मेसेज केला, ती क्लिप कुठून घेतलीस.

त्याने लिंक पाठवली. सोबत काही लिहिलं नाही.