इराणमधला महिन्याचा खर्च: तोमान, रहन आणि सोन्याचा ग्रॅम

तेहरानच्या दुकानात कुणी ‘दोनशे’ म्हणालं, तर ते दोन लाख तोमान असतात आणि दोन लाख तोमान म्हणजे वीस लाख रियाल. कागदोपत्री चलन रियाल, बोलण्यात तोमान. दहा रियालचा एक तोमान, आणि बोलताना हजार गाळायचे हा वर आणखी रिवाज. कार्ड घासायच्या मशीनवर रक्कम रियालमध्ये टाकतात, एटीएमही रियालच दाखवतं, त्यामुळे एखादं शून्य जास्त पडायचा घोळ नेहमीचा. पिन देण्याआधी शेवटचं शून्य बोटाने झाकून आकडा वाचायचा, तो लगेच तोमानमध्ये दिसतो. चार शून्यं काढून टाकायला संसदेने २०२५ मध्ये मंजुरी दिली खरी, पण काही नोटांवर ती शून्यं त्याआधीपासूनच फिकट छापलेली होती. म्हणजे नोट छापणाऱ्यालाही कल्पना होतीच.

व्हिसा, मास्टरकार्ड इथे चालत नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेचे निर्बंध पुन्हा पूर्ण लागू झाले आणि बऱ्याच इराणी बँका स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून, बाहेर पडल्या. देशातल्या देशात मात्र शेताब नावाचं बँकांचं जाळं उत्तम चालतं, भाजीच्या गाड्यावरसुद्धा कार्ड घासता येतं. बाहेरून येणाऱ्याने डॉलर किंवा युरो रोख आणायचे आणि परवानाधारक सर्राफीत, म्हणजे चलन बदलून देणाऱ्या दुकानात, मोडायचे. तेहरानमध्ये त्यासाठी फिरदौसी रस्ता. फुटपाथवर उभा राहून चढा दर सांगणाऱ्याकडे जाऊ नये. तिथे गड्डी मोजताना नोटा कमी भरतात. एकदम सगळे पैसे मोडण्यात तर काहीच अर्थ नाही, आठवड्याला लागतील तेवढेच मोडावेत. कारण हे आकडे बघा. खुल्या बाजारात एक डॉलर २०१८ च्या सुरुवातीला पाच हजार तोमानांच्या आत होता, २०२० च्या शरद ऋतूत तीस हजारांच्या आसपास, मार्च २०२५ मध्ये एक लाख आणि डिसेंबर २०२५ मध्ये एक लाख चाळीस हजारांच्या घरात. मार्च २०२५ पासूनच्या इराणी वर्षासाठी मूळ किमान वेतन महिना सुमारे १ कोटी ४ लाख तोमान ठरलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला ते शंभर डॉलर भरत होतं, डिसेंबरमध्ये पाऊणशे. पगाराच्या आकड्यात एका तोमानाचाही फरक पडला नव्हता.

दुकानं रिकामी नसतात, हे बाहेरच्यांना पटायला वेळ लागतो. माल भरपूर असतो. पण उद्या तो कितीला भरावा लागेल, हे दुकानदाराला माहीत नसतं. म्हणून तो किंमत खरेदीवर लावत नाही, पुढचा माल ज्या भावाने येईल त्यावर लावतो. डॉलर उसळला की घाऊक व्यापारी एक-दोन दिवस ‘विकत नाही’ म्हणून बसून राहतात. गिऱ्हाईक याला साठेबाजी म्हणतं, आणि काही ठिकाणी ती असतेही. पण आजच्या गल्ल्यात उद्या तेवढाच माल भरता येत नसेल, तर विकणं म्हणजे भांडवल खाणं, हेही तितकंच खरं.

सरकार ज्यांची किंमत धरून ठेवतं, त्या वस्तू मात्र चकित व्हावं इतक्या स्वस्त. पेट्रोल घ्या. खाजगी गाडीला इंधनकार्डावर महिना ६० लिटर, लिटरला १,५०० तोमानांनी, त्यापुढचं ३,००० तोमानांनी. हे दर नोव्हेंबर २०१९ मध्ये लागू झाले तेव्हा देशभर आंदोलनं पेटली होती. डिसेंबर २०२५ मध्ये त्यावर ५,००० तोमानांचा तिसरा टप्पा आला. तरी एक लिटर पडतं काही सेंटला. गाडीचा खरा खर्च टायर, ऑइल आणि सुट्या भागांचा. प्यूजो आणि रेनो २०१८ नंतर निघून गेल्या, आणि गल्लोगल्ली दिसणाऱ्या साइपा प्राइडचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. भाग घेताना मेकॅनिक तीन भाव सांगतो: कंपनीचा, चिनी आणि ‘स्टॉक’, म्हणजे परदेशात वापरून काढलेला. ब्रेक पॅड, बेअरिंग, सील अशा झिजणाऱ्या वस्तू स्टॉकच्या घेऊ नयेत. गिअरबॉक्स किंवा अल्टरनेटर स्टॉकचा चालतो, नव्या चिनीपेक्षा बरेचदा जास्त टिकतो. खोक्यावर कंपनीचं नाव आहे म्हणून आतला मालही कंपनीचा असेल असं नाही. नक्कल खोक्याचीही होते.

रोटीचं तसंच. सरकारी पिठाच्या भट्टीत साधी संगक किंवा बरबरी ठरल्या भावाने मिळते, तीळ लावून हवी असेल तर वरचे पैसे. भाव वाढवता येत नाही तेव्हा गोळा हलका होतो, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला हाताच्या अंदाजाने कळतं. भाजी-फळांसाठी तेहरान महापालिकेच्या तरेबार मंडया कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा स्वस्त. तिथल्या ढिगावर ‘दरहम’ लिहिलेलं असेल तर निवडून घ्यायचं नाही, बारीक-मोठं, कच्चं-पिकलं सगळं एकत्र तोलतात. निवडून घ्यायचा ढीग वेगळा आणि महाग. टोमॅटो शिजवायचे असतील तर दरहम घ्यावेत. सफरचंदं मात्र निवडूनच, नाहीतर पिशवीच्या तळाशी डागाळलेली निघतात.

पॅकबंद वस्तूंवर ग्राहकासाठीची किंमत छापलेली असते, पण त्याच तेलाच्या दोन बाटल्यांवर दोन किमती दिसू शकतात: एक जुन्या छपाईची, एक नवी. मागच्या रांगेत हात घालून जुनी शोधणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सगळेच शोधतात. वजन मात्र वाचावं. तेलाची नेहमीची बाटली ८१० ग्रॅमची, लिटरची नाही. तांदळात कास्पियन किनाऱ्यावरच्या गिलान-माझंदरानचा हाशेमी किंवा तारोम हा मानाचा, आणि रोजच्या भातासाठी भारताचा बासमती, जो बराच स्वस्त पडतो. स्थानिक कापणीच्या हंगामात सरकार बरेचदा आयात रोखतं, त्यामुळे बासमती उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच भरून ठेवलेला बरा.

महिन्याचं गणित खरं बिघडतं ते घरभाड्याने. इथली पद्धत मुंबई-पुण्यातल्या हेवी डिपॉझिटची. अनामत रकमेला ‘रहन’ म्हणतात, भाड्याला ‘इजारे’, आणि दोन्ही एकमेकांत बदलता येतात. रूढ हिशोब असा: रहनमधले दर दहा लाख तोमान म्हणजे महिना तीस हजार भाडं. समजा घर ५० कोटी रहन आणि दीड कोटी भाडं असं आहे. सगळं रहनमध्ये हवं तर दीड कोटी भागिले तीस हजार, म्हणजे पाचशे. पाचशे गुणिले दहा लाख, म्हणजे आणखी ५० कोटी. एकूण १०० कोटी दिले की भाडं शून्य, आणि वर्षाने रक्कम परत.

हे फायद्याचं का? दरमहा तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस. बँक वीस-बावीस देते, त्यामुळे पैसे बँकेत पडून असतील तर रहन वाढवलेलं केव्हाही चांगलं. पण महागाई चाळीस टक्क्यांच्या पुढे असेल तर परत येणारे १०० कोटी आकड्यानेच १०० कोटी असतात. सोनं मोडून रहन भरणाऱ्यांची फसगत इथेच होते: वर्षाने तेवढंच सोनं परत घेता येत नाही आणि मालक नव्या वर्षासाठी रहन वाढवून मागतो. भाडेवाढीवर २०२० पासून सरकारी मर्यादा आल्या, तेहरानसाठी २५ टक्के. मालक त्यावर ‘घर मुलाला हवंय’ म्हणतो, आणि भाडेकरू मर्यादेबाहेरच्या आकड्यावर सही करतो. करारावर नोंदणीचा कोड घेतल्याशिवाय रहनचा एक तोमानही देऊ नये, आणि दिलेला प्रत्येक तोमान बँकेतूनच जावा.

आता सोनं. पगार झाला की उरलेले तोमान त्याच आठवड्यात कशात तरी बदलायचे, हे इथे अगदी साध्या घरांतही पाळतात. दागिन्याची किंमत अशी बसते: १८ कॅरेटच्या ग्रॅमचा भाव, त्यावर घडणावळ, त्या बेरजेवर दुकानदाराचा ७ टक्के नफा, आणि घडणावळ अधिक नफा यांवरच कर. विकताना घडणावळ, नफा, कर तिन्ही बुडतात. म्हणून बचतीसाठी नाजूक कारागिरी घेऊ नये. वापरलेला दागिना घडणावळीशिवाय मिळतो. आटवलेल्या सोन्याची लगड सगळ्यात स्वस्त, पण तिच्यावर कस लावणाऱ्या प्रयोगशाळेचा शिक्का आणि नंबर हवा, आणि तो नंबर प्रयोगशाळेकडून खात्री करूनच पैसे मोजावेत.

नाण्याचं गणित वेगळं. इमामी नाणं, म्हणजे इराणच्या मध्यवर्ती बँकेचं सोन्याचं नाणं, ८.१३३ ग्रॅमचं, कस हजारात ९००. म्हणजे शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम, १८ कॅरेटच्या हिशोबात ९.७६ ग्रॅम. त्या दिवशीचा १८ कॅरेटचा भाव गुणिले ९.७६ हे नाण्यातल्या सोन्याचं मोल; बाजारभाव त्याहून जेवढा वर, तो ‘हबाब’, म्हणजे बुडबुडा. पाव नाण्यात हा बुडबुडा टक्केवारीने पूर्ण नाण्यापेक्षा बहुधा मोठा असतो, आणि नेमकं तेच नाणं थोडी बचत असलेल्यांना परवडतं. त्यांनी तेवढ्याच पैशांची छोटी लगड घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

औषधांवर कागदोपत्री निर्बंध नाहीत. पण पैसे पाठवायला परदेशी बँका कचरतात, आणि कच्चा माल किंवा आयात कुप्या अडकतात. बहुतेक औषधं देशातच बनतात आणि स्वस्त असतात. अडतं ते इन्सुलिन पेन, कर्करोगाची काही औषधं, दुर्मिळ आजारांची औषधं यांच्यावर. चिठ्ठी घेऊन आधी करीमखान रस्त्यावरच्या ‘१३ आबान’सारख्या सरकारी औषधालयात जावं. नासिर खुसरो रस्त्यावर ‘काहीही मिळतं’ ही ख्याती खरी आहे, पण तिथे शीतसाखळीची हमी नाही. न वापरलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. उन्हातून फिरलेलं पेन बाहेरून अगदी ठीक दिसतं आणि साखर उतरत नाही, मग डॉक्टर डोस वाढवत बसतात. खोक्यावरची अस्सलपणाची पट्टी खरवडून कोड तपासता येतो. पट्टी आधीच खरवडलेली असेल तर खोकं परत करावं.

फोनचंही असंच. विदेशी हँडसेट नोंदणीशिवाय इराणी सिमवर फार दिवस चालत नाही. जुना घेताना *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर, बघायचा, खोक्यावरच्या नंबराशी ताडायचा आणि *७७७७# वरून विकणाऱ्याच्या समोरच मालकी आपल्या सिमवर करून घ्यायची. २०२३ पासून २०२४ च्या अखेरीपर्यंत आयफोन १४ आणि पुढच्या मॉडेलांची नोंदणी बंद होती, त्यामुळे त्या काळातले अनोंदणीकृत फोन अजूनही फिरत असतात. ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नये.