तुम्ही विचारलंत म्हणून : माझा फोन रात्री ओट्यावर का असतो

संपादकांपासून शेजारच्या वहिनींपर्यंत सगळे एकच विचारतात, "रात्री तुम्ही मेसेज बघतच नाही. मोबाईलचं वेड सोडलंत तरी कसं?" आवाजात थोडं कौतुक असतं, म्हणून आधीच सांगते, सोडलेलं नाही. आणि जे काही केलंय, ते एका मधुमेहामुळे.

तोही माझा नाही. मी मुद्रितशोधक आहे, बावीस वर्षं प्रुफं तपासते. तीन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकातल्या लेखात 'त्यांच्या मधुमेहाचे निदान झाले' असं वाक्य होतं. छापून आलं, 'मधुमेहाचे निधन झाले'. ज्यांच्यावर लेख होता त्या गृहस्थांनी स्वतः संपादकांना फोन केला, "खरंच गेला असेल तर पेढे वाटतो." सगळे हसले. मला हसू येईना. ते शेवटचं प्रूफ माझ्या हाताखालून गेलं होतं, आणि वाचताना माझं अर्धं लक्ष कुठे होतं ते मला पक्कं माहीत होतं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. दिवसातून शंभराच्या वर वेळा उचललेला.

मग निश्चय केला. तो गुरुवारपर्यंत टिकला. ॲप काढून टाकलं, तर ब्राउझरमधून जाऊन तेच बघू लागले. पुढ्यात फुटाण्यांचा पुडा असला की भूक नसतानाही हात जातो ना, तसं.

आपलं नेमकं कुठे चुकतंय, हे मला माझ्या धंद्यातूनच कळलं. प्रूफ वाचताना पान संपतं. सोळा पानांचा फर्मा संपतो, उठून चहा टाकता येतो. फोनवरचं पान संपतच नाही. २००६ साली एझा रास्किन नावाच्या अमेरिकी डिझायनरने ही न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली, आणि पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. थांबायची जागाच काढून घेतली तर माणूस थांबणार कुठे? त्यात दर वेळी काही चांगलं दिसतंच असंही नाही. दहा फालतू व्हिडिओंनंतर एक झकास लागतो, आणि त्या एकासाठी बोट सरकत राहतं. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हेच दाखवलं होतं. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारायची थांबत नाही. आमच्या गल्लीत मटका लावणारे एक काका होते. त्यांचा आकडा रोज लागता तर त्यांनाही कंटाळा आला असता.

'व्यसन' हा शब्द मात्र मी जपून वापरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत १ जानेवारी २०२२पासून गेमिंगचा विकार आहे. ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर. नुसतं रील बघत बसणं त्या यादीत नाही. पण तुमच्या घरात एखाद्या मुलाची झोप, शाळा, जेवण सगळंच गेमपायी गेलं असेल, तर माझे घरगुती उपाय सोडा आणि डॉक्टर गाठा. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत यासाठी २०१४पासून वेगळं क्लिनिक आहे. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीतही बोलता येतं.

आमचं प्रकरण तेवढं नव्हतं, पण दारूपेक्षा एका बाबतीत अवघड होतं. दारूची बाटली घरातून बाहेर काढता येते. फोन कसा काढणार? बँकेचा ओटीपी, सिलिंडरचं बुकिंग, भाजीवाल्याचे पैसे, प्रुफांच्या पीडीएफ, सगळं त्यातच.

वाट दाखवली ती माझ्या माहेरच्या जिल्ह्याने. सांगलीतल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद. मला त्यातला भोंगा आवडलाच, पण जास्त आवडलं ते 'सगळ्यांचे एकदम' हे. एकट्याने फोन ठेवला की वाटतं, तिकडे काहीतरी चाललंय आणि आपण नाही. सगळ्यांनीच ठेवला तर चुकण्यासारखं उरतच काय?

आमच्याकडे भोंगा नाही, कुकर आहे. तिसरी शिट्टी झाली की तिघांचे फोन पोळ्यांच्या जुन्या डब्यात. पहिला आठवडा भयाण गेला. ह्यांना दर सामन्याला पोटात कळ यायची आणि ती फक्त स्वयंपाकघरात थांबायची. लेक म्हणाली, "आई, आपण एकमेकांशी बोलायचं म्हणजे नक्की काय बोलायचं?" प्रश्न रास्त होता, उत्तर कुणालाच सुचलं नाही. मग पत्ते निघाले. आता तिला झब्बूत हरवणं मुश्कील.

जेवणानंतर डबा उघडतो, कारण कामाचे निरोप असतात. पण दहानंतर माझा फोन ओट्यावर, मिक्सरच्या प्लगला. उशाशी गजराचं साधं घड्याळ. ते टिकटिकतं म्हणून ह्यांची तक्रार असते, त्याला इलाज नाही. प्रुफांना बसते तेव्हाही फोन तिथेच असतो आणि उठायचं ते पान संपल्यावर. चुका अजूनही राहतात, मधुमेहाएवढ्या नाहीत.

आणि हो, अजूनही झोप आली नाही की मी उठून ओट्यापाशी जाते. गेल्या मंगळवारीच गेले होते. चार्जरची वायर इतकी आखूड आहे की फोन हातात धरून बसता येत नाही, उभं राहावं लागतं. वीसेक मिनिटांत पोटऱ्या दुखायला लागतात आणि मी परत येते. ह्यांनी मागे दोन मीटरची वायर आणली होती. ती मी माळ्यावर टाकली आहे, पितळेच्या पातेल्यात, पातेल्यांच्या उतरंडीतल्या सगळ्यात खालच्या.