अठ्ठावीस मीटरचा हिशेब

"चार नंबरची मेमरी हळू चालतेय," एवढीच तक्रार होती. बंद पडली असती तर बरं झालं असतं. बंद पडलेली गोष्ट सापडते तरी. इथे एकही एरर नव्हती. प्रोसेसर तोच, प्रोग्रॅम तोच. मेमरीच्या इतर कुठल्याही ट्रेमधून डेटा मागवला की साधारण ३३० नॅनोसेकंदांत हजर, आणि चार नंबरकडून मागवला की ६१०.

आमच्या लॅबमध्ये प्रोसेसर एका रॅकमध्ये, मेमरी दुसऱ्यात आणि मधे ऑप्टिकल स्विच. स्विचच्या पोटात अगदी बारीक आरसे असतात. व्होल्टेज दिलं की आरसा किंचित कलतो आणि एका फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून आलेला प्रकाश हव्या त्या फायबरमध्ये शिरतो. मधे प्रकाशाची वीज आणि विजेचा पुन्हा प्रकाश हा खटाटोप नाही. मात्र आरसा हलून स्थिरावायला काही मिलिसेकंद जातात, म्हणजे मेमरीच्या हिशेबात एक युगच. म्हणून काम सुरू करण्याआधी जोडणी करून टाकायची आणि मग ते संपेपर्यंत आरशाला हात लावायचा नाही.

सगळ्यात महाग आणि उघडून बघता न येणारी वस्तू म्हणजे हा स्विच, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर. पोर्ट बदलला. ६१०. मग आमचा घरगुती उपाय, साफसफाई. आमच्या सिंगल मोड, म्हणजे प्रकाशाला एकच वाट ठेवणाऱ्या फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. धुळीचा एक कण बसला तरी प्रकाश अडतो, डेटा पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो आणि वेळ वाढतो. तर्क चांगला होता. दोन तास कनेक्टर पुसले, मायक्रोस्कोपखाली पाहिले. किती प्रकाश पोचतो ते मोजणारा पॉवर मीटर आधीही ठीक दाखवत होता, नंतरही. डेटा पुन्हा पाठवल्याची नोंद शून्य. ही नोंद मी साफसफाईच्या आधी बघायला हवी होती.

जेवायची वेळ टळून गेल्यावर मी सगळे आकडे एकाखाली एक लिहून काढले. प्रत्येक वेळी जादा लागलेला वेळ २८०च्या आसपास. गर्दी असो, नसो. बिघाड इतका शिस्तीत वागत नाही. आणि आरसा प्रकाश एक तर पोचवतो किंवा हुकवतो, रेंगाळत ठेवत नाही.

काचेतून प्रकाश एक मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद घेतो. जाऊन-येऊन १०. मी फळ्यावर '२८ मीटर' लिहिलं.

"मॅडम, चार नंबर तर स्विचपासून दोन मीटरवर आहे," ज्युनियर म्हणाला.

"मग जादाची वायर कुठेतरी असणार. शोध."

तो रॅकच्या मागे गुडघ्यांवर बसला, टॉर्च दातांत धरून. ट्रेच्या पाठीमागे, केबलच्या जंजाळात, वेल्क्रोच्या पट्टीने नीट बांधलेलं पिवळं भेंडोळं होतं. तीस मीटरची पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली फायबरची केबल), दोन मीटरच्या कामाला. एवढ्या लांबीत प्रकाश डीबीच्या (डेसिबल, प्रकाशातली घट मोजायचं एकक) शंभराव्या भागाइतका घटतो, मीटरला त्याचा पत्ता कसा लागणार?

भेंडोळ्याला चिठ्ठी चिकटवलेली होती: 'तात्पुरती. छोटी आली की बदलणे.' अक्षर माझं होतं.

दोन मीटरची लावली. आकडा आला ३३१. ज्युनियरने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, तारीख टाकलेली नाहीये."