सकाळचे बारा

दार-एस-सलामहून इरिंगाला जाणारी बस मी चुकवली आणि त्यात बसवाल्यांचा काडीचाही दोष नव्हता. तिकिटावर ‘सा १२ असुबुही’ असे स्वच्छ छापलेले होते. मी त्यातले बारा तेवढे वाचले, ‘असुबुही’ म्हणजे सकाळ हे कोणाला विचारण्याची तसदी घेतली नाही, आणि साडेअकराला स्थानकावर पोहोचलो तेव्हा बस सुटून साडेपाच तास झाले होते. टांझानियात स्वाहिली बोलणारी माणसे तास उजाडल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आणि आपले सहा म्हणजे, रात्रीचे बारा तास पुरे झाल्यामुळे, बारा. विषुववृत्ताच्या दक्षिणेस जेमतेम सात अंशांवर असलेल्या या शहरात सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारासच उगवतो, त्यामुळे घड्याळ उजेडाला बांधण्यात तिथे काहीच अडचण येत नाही.

खिडकीवरच्या बाई हसल्या नाहीत, ‘पोले’ म्हणाल्या. दुसऱ्याची फजिती झाली, कोणी ठेचकाळले, की चूक कोणाचीही असो, हा शब्द उच्चारला जातो. ओळखीचे वाटणारे शब्द तर पावलोपावली भेटतात: पैशाला ‘पेसा’, वाहनाला ‘गारी’, लाखाला ‘लाकी’. मात्र माझे पांढरे केस पाहून शाळकरी मुलगा ‘शिकामो’ म्हणाला, तेव्हा मी नुसतीच मान हलवली; वडीलधाऱ्यांना केलेल्या या नमस्काराला ‘मराहाबा’ असे उत्तर द्यायचे असते, हे शेजारच्या आजोबांनी मला जरा कडक स्वरातच सांगितले.

दुसऱ्या दिवशीची बस मी अंधारातच गाठली. मोरोगोरोच्या मागे उलुगुरूचे डोंगर सुटले आणि महामार्ग मिकुमी राष्ट्रीय उद्यानाच्या मधून जाऊ लागला. बाजूच्या गवतात जिराफ उभे होते, पण माझ्याखेरीज कोणीही मान वळवली नाही. पुढे रुआहा नदीच्या खोऱ्यात मैलोगणती गोरखचिंचेची झाडे लागतात. एकेका बुंध्याआड अख्खे कुटुंब बसू शकेल. स्वाहिलीत या झाडाला ‘म्बुयू’ म्हणतात. रस्त्याकडेला कोळशाची पोती रांगेने उभी होती, आणि स्वयंपाकाचे इंधन अजून कुठून येते ते ती पोतीच सांगत होती.

‘विकसनशील’ या शब्दाने माझ्या मनात जे चित्र आधीच रंगवून ठेवले होते, ते कितोंगाचा घाट चढल्यावर लागणाऱ्या इलुलाच्या थांब्यावर पार गोंधळून गेले. बस थांबताच खिडक्यांखाली लाल कांद्यांच्या जाळ्या उंचावल्या गेल्या. माझ्या पुढच्या बाईंनी मोबाइलवर चार बटणे दाबून पैसे चुकते केले आणि कांदे आत ओढून घेतले. एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे देण्याची सेवा इथे २००८ पासून आहे. हातात शिलिंगची मोठी नोट धरून सुट्ट्यांसाठी ताटकळणारा त्या बसमधला मागासलेला प्रवासी मीच होतो.

इरिंगाला उतरलो तेव्हा चांगलाच गारठा होता. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. अतिथिगृहातील मुलीने सांगितले, न्याहारी ‘सा मोजा’, म्हणजे एक वाजता. मी सात वाजता खाली गेलो. चहा नुकताच उतरवलेला होता.