दुधाचा चमचा, मटणाचा चमचा

मी चहा ढवळत होते आणि मावशी स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. "अगं, तो मटणाचा चमचा!"

इस्राएलमधल्या लोद शहरात त्यांच्या घरी राहायला येऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, जन्म अलिबागकडचा, लहानपणी आईवडिलांबरोबर इकडे आल्या. रागावल्या नाहीत. चमचा चिमटीत धरून बाजूला ठेवला आणि रब्बींना, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंना, फोन लावला. निकाल असा लागला, की 24 तास चमचा वापरायचा नाही, मग खळखळत्या पाण्यात बुडवून काढायचा. कप काचेचा म्हणून वाचला. काच काही शोषत नाही, असं त्यांच्यात मानतात. चिनी मातीचा असता तर उकळूनही भागलं नसतं.

तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, 'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस' हे तीनदा आलंय. तेवढ्या एका वाक्यावर या घरात दोन सिंक, दोन ड्रॉवर, दोन घासण्या! लाल मटणाची, निळी दुधाची. कोंबडीला कुठे दूध असतं, असं मी विचारलं. "नसतं गं, पण लोकांची गल्लत होऊ नये म्हणून जुन्या रब्बींनी तिलाही मटणातच धरलं." मासे आणि अंडी मात्र 'पारवे', म्हणजे ना इकडची ना तिकडची. माशाला खवले आणि पर हवेत. सुरमई चालते, कोळंबी नाही. (याचं दुःख मला अजून आहे.) मटणाला दाटपणा आणायचा तो नारळाच्या दुधाने. इथे कोकण आणि तोरा यांचं छान जमतं.

आई फोनवर म्हणाली, "म्हणजे सोवळंच की!" मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण आजीच्या सोवळ्यात एक शुद्ध असायचं आणि दुसरं बाटलेलं. इथे दूधही चांगलं, मटणही चांगलं, फक्त दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

मला खरं जड जातं ते मटणानंतर दुधाचं काही घ्यायला सहा तास थांबणं. त्यात शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळं रांधून विजेच्या तव्यावर ठेवायचं, या तव्याला इथे 'प्लाटा' म्हणतात. मग शनिवारी रात्र होईपर्यंत चूल पेटवायची नाही की दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. कोकणात हे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' नाव दिलं. मावशी ते अभिमानाने सांगतात.

शनिवारी दुपारी एकला मटण-भात होतो. संध्याकाळी मावशी गॅलरीत उभ्या राहून तारे मोजतात. तीन दिसले, हवदालाची, म्हणजे विश्रांतीचा दिवस संपल्याची, प्रार्थना झाली, की घड्याळाकडे बघून मला विचारतात, "सात वाजून गेले ना गं?" आणि निळा ड्रॉवर स्वतःच उघडतात.